स्थानक जवळ आहे, पण तिथवर चालत जाता येतं का?

गोव्यात घर बघायला गेलं की हल्ली एक प्रश्न हटकून विचारला जातो: स्टेशन किती लांब? उत्तरही ठरलेलं असतं: पाच मिनिटांवर. ही पाच मिनिटं स्कूटरची असतात. तेच अंतर पायी, हातात बॅग, सोबत सत्तरीतली आई आणि वरून जुलैचा पाऊस, असं धरून कुणी सांगत नाही. थिवी असो, करमळी असो, मडगाव असो की काणकोण, स्थानकांच्या आसपासच्या जमिनींना रूपांतरणाच्या, म्हणजे बांधकामासाठी वापर बदलायच्या, सनदा मिळतात, इमारती उठतात. त्या इमारतीतून निघालेला माणूस फलाटापर्यंत कसा पोचणार, याचा कागद मात्र फायलीत शोधूनही सापडत नाही.

स्थानकाजवळ घरं बांधावीत, हा विचार मुळात चांगलाच आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही, ज्यांना ती चालवता येत नाही किंवा परवडत नाही, त्यांना अशा घरांचा सगळ्यात जास्त उपयोग: कॉलेजची मुलं, म्हातारी माणसं, घरकामाला जाणाऱ्या बायका, हॉटेलांत पाळीवर काम करणारे. घरातली एक स्कूटर जरी कमी झाली तरी महिन्याच्या खर्चात फरक पडतो. पण हे सगळं घडतं ते माणूस चालू शकला तरच. घराच्या गेटपासून फलाटापर्यंतची वाट ही एकच वस्तू आहे, आणि तिच्यातला सगळ्यात वाईट तुकडा ठरवतो की माणूस चालणार की नाही. तांब्याला भोक एकच असलं तरी पाणी राहत नाही. सहाशे मीटर उत्तम फुटपाथ आणि शेवटी महामार्ग ओलांडायला जागा नाही, तर आजी घरातच बसते आणि नातू स्कूटर काढतो. म्हणून या वाटेची आखणी तुकड्यातुकड्यांनी करून भागत नाही. ती एका नकाशावर, एकदम आणि घरं उभी राहण्याआधी करावी लागते.

अंतर कुठून कुठे मोजायचं

केंद्र सरकारने २०१७ साली वाहतूक-केंद्रित विकासाचं राष्ट्रीय धोरण आणलं. स्थानकाभोवती, चालत जाता येईल अशा अंतरात घरं, दुकानं, कचेऱ्या आणाव्यात, असा त्याचा गाभा. हे अंतर साधारण ५०० ते ८०० मीटर धरलेलं आहे, म्हणजे दहा-बारा मिनिटांची चाल. धडधाकट माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो.

घोटाळा होतो तो नकाशावर. स्थानकावर कंपासाचं टोक ठेवून ८०० मीटरचं वर्तुळ काढलं की आतलं सगळं 'जवळचं' ठरतं. पण माणूस सरळ रेषेत चालत नाही. मध्ये रूळ असतात, ओहोळ असतो, खाजन (खाडीकाठची सखल, बांध घातलेली जमीन) असतं, कुणाचं तरी भलंमोठं कंपाउंड असतं. रुळांच्या पलीकडे तीनशे मीटरवर दिसणाऱ्या घराला जर फाटकावरून किंवा पुलावरून किलोमीटरभर वळसा घालून यावं लागत असेल, तर ते घर स्थानकाजवळ नाही. मग लोक रूळच ओलांडतात. रेल्वे कायदा, १९८९च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही माणसं ओलांडतात, कारण रोज दोन वेळा दहा-बारा मिनिटं जास्त चालणं कुणालाच जमत नाही. यावर उपाय म्हणून पादचारी पूल सुचवला जातो. तिथे एक गोष्ट आधीच विचारून घ्यायला हवी: पूल फक्त फलाटाला फलाट जोडणारा आहे, की रुळांच्या दोन्ही बाजूंना गावात उतरणारा? पहिल्या प्रकारचा पूल प्रवाशाला पुरतो. पलीकडच्या वाड्याला, म्हणजे गावाच्या त्या वस्तीला, त्याचा काडीचा उपयोग नाही.

आपल्या गावांत आणखी एक गोष्ट असते, जी वरून काढलेल्या नकाशात दिसत नाही: पाणंद. भाटातून (माडांच्या बागेतून), शेताच्या बांधावरून, दोन घरांच्या मधून जाणाऱ्या या पायवाटांवर गावाचं निम्मं चालणं होत असतं. भाट विकलं जातं, चिऱ्यांची भिंत उभी राहते आणि काल पाच मिनिटांवर असलेलं स्थानक आज पंधरा मिनिटांवर जातं. म्हणून नव्या इमारतीचा आराखडा पंचायतीत आला की पहिल्यांदा बघायचं ते सर्व्हे प्लॅनवर वाट दाखवली आहे का, आणि फॉर्म एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या उताऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात तिची नोंद आहे का. नोंद असेल तर ती वाट नव्या आराखड्यात उघडी ठेवून मागता येते. नोंद नसेल आणि लोक वर्षानुवर्षं तिथून जात असतील, तर ते लेखी मांडण्याची वेळ परवाना देण्याआधीची. भिंत उभी राहिल्यावर उरते ती कोर्टकचेरी.

गाडी आल्यानंतरची दहा मिनिटं

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण लांबीने सुरू झाली. मार्ग आखताना तो शहरांच्या मधून गेला नाही. पणजीला जाणारा माणूस उतरतो करमळीला, म्हापशाला जाणारा थिवीला, आणि पुढे दहा-बारा किलोमीटर जायचं असतं. त्यामुळे ही स्थानकं खेड्यातल्या अरुंद रस्त्यांवर येऊन बसली. ते रस्ते एका बैलगाडीला वाट देण्याएवढे होते. पुढे ते डांबरी झाले, थोडे रुंदही झाले, पण कडेने चालणाऱ्या माणसासाठी वेगळी जागा त्यांत आली नाही.

अशा रस्त्यावरची वर्दळ दिवसभराची सरासरी काढून मोजली तर फसगत होते. दुपारी दोन वाजता तिथे कुत्रंही नसतं. पण लांब पल्ल्याची गाडी थांबली की एकदम शेकडो माणसं बाहेर पडतात, चाकांच्या बॅगा ओढत, मुलांना कडेवर घेऊन. त्याच वेळी त्यांना घ्यायला आलेल्या गाड्या, टॅक्सी, रिक्षा आणि पिवळ्या मोटरसायकलींवरून भाड्याने प्रवासी नेणारे पायलट समोरून आत येतात. मोजणी करायची ती या दहा मिनिटांची. फुटपाथ किती रुंद हवा, गाड्यांनी कुठे थांबायचं, ओलांडायची जागा कुठे असावी, हे सगळं त्या दहा मिनिटांतच कळतं. काही गाड्या पहाटे किंवा रात्री उशिरा थांबतात, म्हणून एक फेरी अंधारातही करायला हवी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मुंबईत लोकल जशी दर काही मिनिटांनी येते तशी आपल्याकडे येत नाही. दिवसाला मोजक्या गाड्या थांबणाऱ्या स्थानकाजवळ घर आहे, एवढ्यावर नोकरदार माणूस आपली गाडी विकणार नाही. त्याला रोज लागते ती बस, सरकारी कदंब महामंडळाची किंवा खाजगी. तेव्हा गोव्यात स्थानकाजवळची घरं म्हणताना त्या स्थानकाजवळचा बसथांबा तितकाच महत्त्वाचा धरला पाहिजे, आणि म्हापसा, फोंडा, मडगाव, पणजीच्या बसस्टँडांभोवतालच्या घरांनाही हाच सगळा विचार लागू होतो. मडगावात रेल्वे स्थानक आणि कदंब बसस्टँड शहराच्या दोन टोकांना आहेत. दोन्हींच्या मधला प्रवास सोपा केला नाही, तर दोन्हींच्या जवळची घरं अर्धवटच जवळ राहतात.

एक वाट, सात-आठ मालक

फलाटाबाहेरचं आवार रेल्वेचं. आवाराच्या फाटकापासून पुढचा रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम खात्याचा. तिथून आत वळणारी गल्ली पंचायतीची किंवा पालिकेची. खांब वीज खात्याचे, रस्त्याखालची जलवाहिनी पाणीपुरवठ्याची, वाहनं उभी करायची शिस्त वाहतूक पोलिसांची, नव्या इमारतीला तांत्रिक मंजुरी देणार नगरनियोजन खातं, आणि भिंतीलगतची पट्टी खाजगी मालकाची. प्रत्येकजण आपल्या हद्दीपुरतं काम करतो. म्हणून फुटपाथ रेल्वेच्या फाटकाशी संपतो आणि पुढे दहा मीटर चिखल असतो. तो चिखल कुणाचाच नसतो.

२०११च्या जनगणनेत गोव्याची सुमारे ६२ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, देशातल्या राज्यांत सगळ्यात जास्त. पण जनगणनेने शहर म्हणून मोजलेली बहुतेक ठिकाणं कारभाराने आजही पंचायतीच आहेत. वर्दळ शहराची, आणि रस्त्याकडे बघायला सरपंच, सात-नऊ पंच आणि एक सचिव. त्यांच्याकडे स्वतःचा रस्ते-अभियंता नसतो. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. त्यांच्या हातात तयार नकाशा ठेवला तर मात्र बरंच होऊ शकतं.

हा नकाशा तयार करायला सल्लागार लागतोच असं नाही. सर्व्हे प्लॅनची प्रत, मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा पुरे. स्थानकाच्या दारातून निघायचं आणि नव्या घरांपर्यंत चालत जायचं. सोबत एक वयस्क माणूस हवा, बाबागाडी ढकलणारी आई हवी, आणि शक्य असेल तर व्हीलचेअर वापरणारं कुणीतरी, कारण त्यांना अडणाऱ्या जागा धडधाकट माणसाला दिसतही नाहीत. जिथे पाय रस्त्यावर उतरवावा लागतो ती प्रत्येक जागा नोंदवायची: कशामुळे उतरावं लागलं, किती रुंदी उरली, आणि ती जागा कुणाच्या ताब्यातली. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा, कारण अर्ज कुणाकडे जाणार ते त्यावर ठरतं.

गटारावरची लादी

आपल्याकडे फुटपाथ म्हणजे बहुतेक वेळा गटारावर टाकलेल्या काँक्रीटच्या लाद्या. बार्देश तालुक्यातल्या एका स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी हे नेहमी बघते. मे महिन्यात गाळ काढायला लाद्या उचलतात. काळा गाळ कडेलाच ओततात, तो वाळेपर्यंत पहिला पाऊस येतो आणि अर्धा गाळ पुन्हा आत जातो. लाद्या परत बसतात, पण जशाच्या तशा नाही. एक तिरकी, पाय ठेवला की खडखडते. एकीचा कोपरा तुटून आतली सळी वर आलेली. आणि एका ठिकाणी लादीच नाही, त्या भोकात कुणीतरी माडाची चुडती खोचून ठेवलेली, रात्री कुणी पडू नये म्हणून. ज्याने ती खोचली त्याला मी मनोमन धन्यवाद देते. पण संबंध पावसाळा माणसांचे पाय शाबूत राहण्याची व्यवस्था त्या एका चुडतीवर सोडलेली असते, याचा मला खरोखर राग येतो.

यावर साधे उपाय आहेत. गटार चालण्याच्या पट्टीखाली न घेता तिच्या आणि रस्त्याच्या मधल्या पट्टीखाली घ्यायचं, म्हणजे झाकणं हलली तरी चालणारा सुरक्षित राहतो. सगळ्या लाद्या उचलाव्या लागू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर चेंबर ठेवून तिथेच लोखंडी जाळीचं झाकण बसवायचं, गाळ तिथूनच काढायचा. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या ठेवायच्या, नाहीतर काठी, चाक आणि चपलेची टाच तिच्यात अडकते. फुटपाथला रस्त्याच्या बाजूला मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार दिला की पाणी साचत नाही, आणि व्हीलचेअरही कलत नाही. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांश चार महिन्यांत, अशा मुलखात फुटपाथाची आखणी पाण्यापासूनच सुरू करावी लागते. चकचकीत पॉलिश केलेल्या फरश्या इथे घालूच नयेत. शेवाळ धरलं की त्यांच्यावर उभंही राहवत नाही.

किती रुंद, किती उंच

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांसाठी आयआरसी १०३ नावाची मार्गदर्शिका आहे. निवासी भागात चालण्याची मोकळी पट्टी कमीत कमी १.८ मीटर असावी, असं ती सांगते. दुकानांच्या भागात अडीच मीटर. १.८ मीटर एवढ्यासाठी की समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडून जाऊ शकतात. 'मोकळी' म्हणजे खरोखर मोकळी: खांब, झाड, ट्रान्सफॉर्मर, फलक, कचऱ्याचा डबा हे सगळं त्या पट्टीच्या बाहेर. दोन मीटरचा फुटपाथ बांधून त्याच्या मधोमध विजेचा खांब ठेवला तर हातात उरतात दोन फटी.

उंचीचंही तसंच. फुटपाथ रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा. आपल्याकडे रस्त्याच्या जवळजवळ प्रत्येक कामात फुटपाथ उंच होत जातो, आणि मग म्हातारी माणसं त्याच्यावर चढतच नाहीत, रस्त्याच्या कडेनेच जातात. दुसरी खोड म्हणजे प्रत्येक बंगल्याच्या गेटपुढे फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. शंभर मीटरमध्ये आठ गेटं असली की चालणाऱ्याला आठ वेळा चढउतार. खरं तर फुटपाथ सपाट चालत राहिला पाहिजे आणि गाडीने छोट्या उतरणीवरून त्याच्यावर चढून आत गेलं पाहिजे. त्यामुळे गाडी आपोआप हळू होते, आणि चालणाऱ्याचा हक्क पहिला हे वेगळं सांगावं लागत नाही.

नव्या इमारतींच्या बाबतीत गोव्यात काही अटी आधीपासूनच हाताशी आहेत. नगरनियोजन खात्याच्या तांत्रिक मंजुरीच्या आदेशांत साधारणपणे असं लिहिलेलं असतं की रस्तारुंदीकरणासाठी सोडलेल्या जागेवर अतिक्रमण करू नये, ती बंदिस्त करू नये, तिथे बांधकाम करू नये. गेट आतल्या बाजूला उघडावं. रस्त्यालगत पावसाच्या पाण्याचं गटार बांधावं. या तीन अटी नीट पाळल्या गेल्या तरी स्थानकाजवळच्या अर्ध्या फुटपाथाची जागा मिळते. प्रत्यक्षात रुंदीकरणाच्या पट्टीवर बाग होते, साखळी लागते, किंवा 'फक्त ग्राहकांसाठी' असा पार्किंगचा फलक येतो. मंजुरीच्या आदेशाची प्रत पंचायतीत असते. ती मागून घेऊन वाचावी आणि भोगवटा दाखला देण्याआधी अटी जागेवर तपासाव्यात असा आग्रह धरावा. दाखला गेला की पंचायतीच्या हातातली सगळ्यात सोपी किल्ली गेली.

पार्किंगबद्दल एक हिशेब सांगते. आत-बाहेर करायची जागा धरून एका मोटारीला साधारण २५ चौरस मीटर लागतात. शंभर मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद फुटपाथाला लागतात १८० चौरस मीटर. म्हणजे सात गाड्यांच्या जागेत शंभर मीटरची चालायची वाट होते. तिच्यावरून दिवसभरात शेकडो माणसं जातील. रस्ता अरुंद आहे, फुटपाथाला जागाच नाही, असं जेव्हा सांगितलं जातं तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला किती गाड्या उभ्या आहेत ते मोजून बघावं.

रस्ता ओलांडणं आणि गाडीचा वेग

फुटपाथ कितीही चांगला असला तरी कुठेतरी रस्ता ओलांडावाच लागतो, आणि जीव जातात ते तिथेच. चालक ताबडतोब जागा झाला असं धरलं तरी ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण १३ मीटर घेते, ५०ने येणारी २८ मीटर. ओल्या रस्त्यावर आणखी जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून स्थानकाच्या परिसरात ३०चा वेग ठेवायचा. आणि तो फलक लावून येत नाही, रस्त्याच्या आकाराने येतो. कोपरे गोलाकार आणि ऐसपैस असले की गाड्या वेग न कमी करता वळतात. तेच कोपरे आवळले की चालकाला हळू व्हावंच लागतं, शिवाय ओलांडायचं अंतरही कमी होतं. झेब्रा पट्टे फुटपाथाच्या उंचीला उचलून घेतले तर तोच गतिरोधक होतो आणि व्हीलचेअरला उतरावं लागत नाही.

रुंद रस्त्यावर मध्ये थांबायला बेट हवं. सिग्नलचा हिशेब करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. १४ मीटरचा रस्ता त्या हिशेबाने बारा सेकंदांत पार होतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सतरा-अठरा सेकंद लागतात. ते पाच-सहा सेकंद तो गाड्यांच्या तोंडी उभा असतो. महामार्गाला लागून वस्ती वाढलेल्या पर्वरीसारख्या ठिकाणी हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

बसथांबा ओलांडायच्या जागेच्या पुढे असावा, आधी नव्हे. म्हणजे उतरलेली माणसं बसच्या मागून ओलांडतात आणि त्यांना येणाऱ्या गाड्या दिसतात. बसच्या पुढून ओलांडणारा मुलगा ओव्हरटेक करणाऱ्या स्कूटरला दिसतच नाही.

पायलट, रिक्षावाले, भाजी विकणाऱ्या बायका, सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर, यांना स्थानकाच्या आराखड्यात अडथळा समजून बाजूला काढणं चूक आहे. शेवटचे दोन-तीन किलोमीटर पायलटच पोचवतो. त्यांना रंगाने आखून दिलेली जागा द्यायची, छपरासकट, बाहेर पडणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर पण चालण्याच्या पट्टीबाहेर. जागा दिली नाही तर ते फुटपाथावर उभे राहणारच, कारण त्यांनाही पावसात उभं राहायचं नसतं. पालिका क्षेत्रात विक्रेत्यांसाठी २०१४चा पथविक्रेता कायदा आहे, विक्रीच्या जागा ठरवायला समितीची तरतूद आहे. शिवाय संध्याकाळी सात वाजता भाजीवाली बसलेली असते तो रस्ता एकट्या बाईला जास्त सुरक्षित वाटतो.

झाडांना हात लावू नये. १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली तोडायला परवानगी लागतेच, पण खरं कारण एप्रिलमधल्या दुपारचं आहे: सावली नसलेल्या फुटपाथावर कुणी चालत नाही. बुंध्याभोवती माती मोकळी ठेवून वाट वळवून न्यावी. दिव्यांचे उंच खांब झाडांच्या वर प्रकाश टाकतात, खाली काळोखच राहतो. चालणाऱ्यांसाठी फांद्यांच्या खाली येतील असे बुटके दिवे वेगळे लागतात.

पैसे कुठून, आणि कायदा काय म्हणतो

गोव्यात २००९चा पायाभूत सुविधा कर कायदा आहे. नवं बांधकाम करताना क्षेत्रफळानुसार हा कर भरावा लागतो, आणि तो जातो राज्याच्या तिजोरीत. ज्या वाड्यावर शंभर नव्या सदनिका आल्या, त्या वाड्याला या कराच्या बदल्यात नेमकं काय मिळालं हे विचारण्याचा तिथल्या लोकांना पूर्ण अधिकार आहे. माझं मत असं की स्थानकाच्या ८०० मीटरच्या आत जमा झालेल्या कराचा ठरलेला वाटा त्याच परिसरातल्या चालण्याच्या वाटांवर खर्च व्हावा. याशिवाय वित्त आयोगाचं अनुदान, आमदार-खासदार निधी आणि रेल्वेच्या आवारापुरती रेल्वेची तरतूद असते. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या अमृत भारत स्थानक योजनेत स्थानकाकडे येण्याजाण्याच्या वाटाही धरलेल्या आहेत. यातला कुठलाच स्रोत एकटा पुरत नाही. पण नकाशा एक असला की चार ठिकाणचे पैसे एकाच वाटेवर लागतात.

कायद्याची बाजूही भक्कम आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता येण्याजोग्या असणं बंधनकारक आहे. पणजीत २०२३पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो. त्या दिवसांत होते ती सोय स्थानकाच्या रस्त्यावर बारा महिने हवी. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फुटपाथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क संविधानाच्या कलम २१ मध्येच, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो. अर्जात हा संदर्भ घातला की कारकुनालाही तो अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

कधी, कुठे, काय मागायचं

पंचायतीची सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात होते. माझ्या अनुभवाने या कामासाठी जुलैची सभा सगळ्यात चांगली, कारण पाणी कुठे तुंबतं, लादी कुठे हलते, मुलं कुठे चिखलातून जातात हे सगळं त्या आठवड्यात प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तिथे 'फुटपाथ करा' अशी मोघम मागणी करू नये. ठरावात स्थानकाच्या फाटकापासून कुठपर्यंत, कुठल्या सर्व्हे क्रमांकांच्या लगत, किती रुंद, गटार कुठल्या बाजूला, ओलांडायच्या जागा किती आणि कुठल्या, हे लिहून घ्यावं आणि नकाशा जोडावा. ठरावाची प्रत बांधकाम खात्याच्या उपविभागीय कार्यालयात, नगरनियोजन खात्याच्या तालुका कार्यालयात आणि रेल्वेकडे स्वतः नेऊन द्यावी, आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन. त्या शिक्क्याशिवाय पुढच्या पाठपुराव्याला, माहितीच्या अधिकारातल्या अर्जालाही, बूड राहत नाही.

जुलैत ठराव, मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. हे सगळं व्हायला एक पावसाळा तरी जातो, आणि डांबर-काँक्रीटचं काम ऑक्टोबर ते मे याच महिन्यांत होतं. त्यामुळे एक क्रम आधीच ठरवून घ्यावा लागतो: जमिनीखालचं सगळं पहिलं. जलवाहिनी, मलवाहिनी, विजेच्या भूमिगत केबल, फायबर, आणि नव्या इमारतींना लागणाऱ्या जोडण्याही. पुढे येणाऱ्या केबलींसाठी रस्त्याच्या आडवे रिकामे पाइप तेव्हाच टाकून ठेवावेत. गेल्या काही वर्षांत पणजीतले रस्ते पुन्हा पुन्हा खोदलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना याचं कारण विचारावं लागणार नाही. इमारतीचं काम सुरू असेपर्यंत रेडीमिक्सचे ट्रक येत-जात राहतात, त्यांच्याखाली नवा फुटपाथ वर्षभरही टिकत नाही. म्हणून जड वाहनांच्या वाटेवरचा शेवटचा थर बांधकाम संपल्यावर घालायचा, पण तोवर चालणाऱ्यांना तात्पुरती, कठडा लावलेली, कोरडी वाट द्यायची, आणि ती परवान्याच्या अटींतच लिहून घ्यायची.

आणि निविदेत देखभालीचं कलम पाहून घ्यावं. काम झाल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत दोष दुरुस्त करणं ठेकेदारावर बंधनकारक असतं. ती मुदत कधी संपते ती तारीख ठरावाच्या फायलीवर लिहून ठेवायची, आणि ती संपण्याआधीच्या शेवटच्या पावसाळ्यात पुन्हा एकदा मोजपट्टी घेऊन ती वाट चालून यायची. हललेली प्रत्येक लादी, तुंबलेलं प्रत्येक चेंबर, खचलेली प्रत्येक उतरण त्या तारखेच्या आत लेखी कळवली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते. नंतर कळवली तर तिचा बोजा पंचायतीवर येतो.